पार्किंग ब्रेक व मागील ड्रमचे समायोजन

पार्किंग ब्रेक (रूढ नाव हँडब्रेक किंवा हातब्रेक) ही उभी केलेली मोटारगाडी जागच्या जागी रोखून धरणारी यांत्रिक व्यवस्था होय. चालत्या गाडीचा वेग कमी करणारा पायब्रेक ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पार्किंग ब्रेक मात्र तरफ आणि पोलादी तार यांच्या साहाय्याने चालतो. त्यामुळे इंजिन बंद असले किंवा ब्रेक ऑइल गळून गेले तरी तो काम करू शकतो. भारतातील बहुसंख्य लहान मोटारींमध्ये ही तार मागच्या दोन चाकांच्या ड्रममधील ब्रेक शूंना जोडलेली असते. म्हणूनच हँडब्रेकची तक्रार पुष्कळदा तारेची नसून ड्रमच्या आतली असते आणि दुरुस्तीचा क्रम 'आधी ड्रम, शेवटी तार' असाच असावा लागतो. हा क्रम उलटा केल्यास हँडब्रेक काही दिवस सुधारल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मागचे ब्रेक हळूहळू निकामी होत जातात.

या लेखात ड्रम पद्धतीच्या पार्किंग ब्रेकची रचना, त्यातील दोषांचे निदान आणि समायोजन यांची माहिती दिली असून उदाहरणे प्रामुख्याने यवतमाळ जिल्ह्यातील हवामान, जमीन व वाहनवापर लक्षात घेऊन निवडली आहेत.

नावे

'पार्किंग ब्रेक' हे नाव कायद्यात आणि निर्मात्यांच्या पुस्तिकांत आढळते, तर बोलण्यात सर्वत्र 'हँडब्रेक' हाच शब्द चालतो. 'इमर्जन्सी ब्रेक' हे नाव जुन्या काळाची खूण आहे. आरंभीच्या मोटारींमध्ये हाताने ओढायचा दांडा हा मागच्या चाकांचा मुख्य ब्रेक असे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीत पायाखालचा ब्रेक गिअरपेटीवर आणि हातातला दांडा मागच्या ड्रमवर काम करी. ड्रम ब्रेकचे आधुनिक रूप १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी प्रचारात आणले. पुढे १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए पासून चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक येऊ लागले. तेव्हापासून हातब्रेककडे गाडी उभी ठेवण्याचे आणि मुख्य ब्रेक दगा देईल तेव्हाचे काम उरले.

कार्यशाळेतील एका शब्दाबाबत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. ब्रेक शूवर चिकटवलेल्या घर्षणपट्टीला कारागीर 'लायनर' म्हणतात आणि इंजिनाच्या सिलिंडरमधील नळीलाही 'लायनर'च म्हणतात. या लेखात लायनर म्हणजे केवळ ब्रेकची घर्षणपट्टी.

रचना

ड्रम हे बिडाचे, खोलगट डब्यासारखे भांडे असून ते चाकाबरोबर फिरते. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर, अर्धचंद्राकृती असे दोन ब्रेक शू समोरासमोर बसवलेले असतात. वरच्या बाजूला व्हील सिलिंडर असतो. पायब्रेक दाबला की त्यातील दोन पिस्टन बाहेर सरकून शूंना ड्रमच्या आतील भिंतीवर दाबतात. पाय काढताच रिटर्न स्प्रिंग शूंना मागे खेचतात. गाडी पुढे जात असताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. त्यामुळे कमी जोरातही ड्रम ब्रेक चांगला धरतो.

पार्किंग ब्रेकसाठी याच शूंचा उपयोग होतो. मागच्या शूला एक छोटी तरफ खिळलेली असते आणि तिच्या खालच्या टोकाला तार अडकवलेली असते. तार ओढली की तरफ दोन शूंच्या मधल्या आडव्या पट्टीला (स्ट्रटला) पुढे ढकलते. पट्टी पुढचा शू ड्रमवर दाबते आणि त्याच्या उलट जोराने मागचा शूही ड्रमवर टेकतो. ब्रेक ऑइलचा येथे काहीही संबंध येत नाही.

लायनर झिजत जाते तसे शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी आडव्या पट्टीला दातेरी चाकाचा किंवा दातेरी पट्टीचा ॲडजस्टर असतो. अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ॲडजस्टर एक दाता पुढे सरकतो व पट्टीची लांबी किंचित वाढते. हे काम आपोआप होते, मात्र त्याला एक अट आहे: हँडब्रेक सोडलेला असताना आतली तरफ तिच्या मूळ जागी, शूच्या कडेवरील टेकूला पूर्ण टेकलेली असली पाहिजे. बाहेरून तार ताणून ठेवली तर ही तरफ अर्धवट उचललेली राहते, पट्टी आधीच ढकललेल्या स्थितीत अडकते आणि ॲडजस्टर दाता बदलत नाही. लायनर झिजते, अंतर वाढते, पायब्रेकचे पेडल खाली जाऊ लागते; मग तार पुन्हा ताणली जाते. हे दुष्टचक्र ड्रम उघडल्याशिवाय थांबत नाही.

चालकाच्या बाजूला असलेल्या दांड्याला दातेरी कमान आणि खटका असतो. दांडा ओढताना येणारा 'कट् कट्' आवाज हा खटका एकेका दात्यावरून सरकल्याचा असतो. दांड्यापासून निघालेली तार पुढे तोलपट्टीला (इक्वलायझरला) जोडली जाते आणि तेथून दोन तारा दोन चाकांकडे जातात. तोलपट्टीचे काम ओढ दोन्ही चाकांत सारखी वाटण्याचे आहे.

मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम ही मांडणी रूढ झाली. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे मागच्या चाकांना साधा, स्वस्त ड्रम पुरतो आणि त्यात हँडब्रेकही सहज सामावतो. जुन्या विलिस जीपची तऱ्हा वेगळी होती. तिचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असे. मोठ्या मालमोटारी व एसटी बस यांचा पार्किंग ब्रेक दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. तेथे हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो, आणि खाली दिलेली समायोजनाची रीत त्यांना लागू नाही.

धरून ठेवण्यासाठी लागणारा जोर

सपाट जागेवर जवळजवळ कोणताही हँडब्रेक चांगला वाटतो. त्याचे कारण गणिताने स्पष्ट होते. प्रवासी मोटारींसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमानुसार भार भरलेली गाडी पार्किंग ब्रेकने २० टक्के चढावर आणि उतारावर स्थिर राहिली पाहिजे आणि त्यासाठी दांड्यावर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतक्या ओढीपेक्षा, अधिक जोर लागता कामा नये. २० टक्के म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात २० मीटर उंची. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाच्या गाडीला अशा उतारावर खाली खेचणारा जोर सुमारे २०० किलो वजनाइतका असतो. लहान मोटारीच्या टायरची त्रिज्या सुमारे २७ सेंटिमीटर आणि ड्रमची ९ सेंटिमीटर धरली, तर ड्रमच्या पृष्ठभागावर त्याच्या तिप्पट, म्हणजे ६०० किलो इतके घर्षण निर्माण व्हावे लागते. दोन्ही बाजू काम करत असतील तर प्रत्येक ड्रमच्या वाट्याला ३०० किलो येतात. एक बाजू तेलकट किंवा गंजलेली असेल तर सगळा भार दुसरीवर पडतो.

याउलट ५ टक्क्यांच्या सौम्य उतारावर हाच खेचणारा जोर केवळ ५० किलोच्या आसपास असतो. म्हणजे हँडब्रेकची तीनचतुर्थांश ताकद गेलेली असली तरी घरासमोरच्या अंगणात, बाजाराच्या पटांगणात किंवा पैनगंगेकाठच्या सपाट भागात ते कळूनच येत नाही. तीच गाडी पुसद परिसरातील डोंगराळ रस्त्यावर, सहा माणसे व सामान भरून उभी केली की दोष उघड होतो. तोवर चालक बहुधा गाडीतून उतरलेला असतो. हँडब्रेकची परीक्षा उतारावरच घ्यावी असा जो आग्रह धरला जातो, त्यामागे हे कारण आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ जिल्ह्यात एकाच वर्षात ड्रम ब्रेकला तीन वेगवेगळ्या त्रासांतून जावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात नाल्यांवरील ठेंगण्या पुलांवरून व सखल रपट्यांवरून पाणी वाहते. अशा पाण्यातून गाडी गेल्यास ड्रममध्ये पाणी शिरते आणि ओल्या लायनरची पकड एकाएकी कमी होते. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू वेगात पायब्रेक काही वेळ हलका दाबून धरल्यास घर्षणाच्या उष्णतेने लायनर वाळते. पाण्याबरोबर आलेला काळ्या मातीचा चिखल मात्र तसा निघत नाही. कापसाची ही माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण असते. ती तारेच्या आवरणाच्या तोंडाशी, तोलपट्टीभोवती आणि बॅकप्लेटच्या भोकांत बसते. पावसाळ्यानंतर जड झालेल्या हँडब्रेकचे मूळ बऱ्याचदा तेथे सापडते.

कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर आणि बाजार समितीच्या आवारात भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. टेम्पो दर काही मिनिटांनी थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा हँडब्रेक ओढला जातो. दातेरी कमानीची व खटक्याची झीज अशा वापराने लवकर होते. वणी परिसरात कोळशाच्या वाहतुकीची धूळ ड्रममध्ये साचते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की जुनी रबरी आवरणे तडकतात आणि पुढच्या पावसाळ्याचे पाणी तारेत शिरण्याची वाट मोकळी होते.

आणखी एक प्रकार खेड्यांत विशेष आढळतो. मुले पुण्या-मुंबईला आणि गाडी घरासमोर उभी, अशी स्थिती असली म्हणजे पावसाळाभर हँडब्रेक ओढलेलाच राहतो. ओलाव्याने ड्रमच्या आत गंज धरतो, लायनर ड्रमला चिकटते आणि दिवाळीत गाडी जागची हलत नाही. अशा वेळी इंजिनाचा जोर लावून गाडी ओढल्यास लायनर शूवरून उपटून निघू शकते.

दोषांचे निदान

निदानाची सुरुवात दांड्यावरील 'कट' मोजण्यापासून होते. सुमारे २० किलो ओढीला दांडा किती दात्यांवर घट्ट व्हावा हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक लहान मोटारींत हा आकडा ५ ते ८ च्या आसपास असतो. पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा.

दांडा फार वर येत असेल आणि त्याच वेळी पायब्रेकचे पेडलही नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर लायनर झिजलेले किंवा ॲडजस्टर अडकलेला असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर वर येत असेल तर हे अनुमान आणखी बळकट होते. पेडल उत्तम आणि केवळ दांडाच सैल असेल, तरच संशय तारेवर घ्यावा.

दांडा योग्य जागी घट्ट होतो, पण गाडी धरत नाही, ही तक्रार अधिक गंभीर आहे. येथे ओढ पोहोचते, घर्षण होत नाही. व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या झिजून ब्रेक ऑइल लायनरवर उतरलेले असते, किंवा अतिउष्णतेने लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांत ॲक्सलचे ऑइल सील फुटून घट्ट काळे तेल ड्रममध्ये येते. ब्रेक ऑइलची टाकी वरचेवर कमी होत असेल तर पहिले कारण, आणि चाकाच्या आतील बाजूस उग्र वासाचा काळा ओघळ दिसत असेल तर दुसरे.

हँडब्रेक सोडूनही सुटत नाही तेव्हा गाडी ढकलल्यास जड जाते, इंधन जास्त लागते आणि काही किलोमीटर चालवल्यावर एका चाकाजवळ जळका वास येतो. थांबल्यावर हात चाकाला न लावता केवळ जवळ नेला तरी गरम बाजू ओळखू येते. तार आवरणात गंजणे, आतली तरफ तिच्या खिळ्यावर घट्ट होणे किंवा रिटर्न स्प्रिंग तुटणे ही यामागची कारणे होत. गाडीखाली पाहताना दांडा सोडायला सांगावा. बाहेरची तार परत येत नसेल तर दोष तारेत. तार सैल पडूनही चाक अडत असेल तर दोष ड्रममध्ये.

दांडा लावलेला असताना आपोआप खाली निसटत असेल तर कमानीचे दाते किंवा खटका झिजलेला असतो. हा दोष समायोजनाने जात नाही. पूर्ण दांडा बदलणे हाच उपाय आहे. झिजलेला दाता कानसून टोकदार करण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते, ती टाळावी. घासल्याचा खरखरीत आवाज लायनर संपून धातू ड्रमवर घासत असल्याचे सांगतो. ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम वर्तुळाकार राहिलेला नाही असे समजावे.

फलकावरील लाल ब्रेक दिवा दांडा सोडल्यावरही पेटता राहिला तर तो नेहमी दांड्याच्या बटणाचाच दोष नसतो. अनेक गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचीही सूचना देतो. दिव्याची तार काढून टाकण्यापूर्वी टाकी पाहावी.

समायोजनाची रीत

हे काम समतल आणि कडक जमिनीवर करावे. शेतातल्या किंवा अंगणातल्या काळ्या मातीवर जॅक रुतून कलंडतो. पर्याय नसेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी द्यावी. काम हँडब्रेक सोडूनच करायचे असल्याने आणि मागची चाके उचललेली असल्याने गाडी केवळ पुढच्या चाकांवर उभी असते. पुढच्या चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकून ठेवल्यास ती चाके जखडलेली राहतात आणि मागची मोकळी फिरतात. मागच्या चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत मात्र चाक फिरवून पाहण्यासाठी गिअर न्यूट्रल ठेवावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले ठोकळे हाच एकमेव आधार असतो. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली हात वा डोके घालू नये. दोन्ही बाजूंना घोडी लावणे अनिवार्य आहे.

सर्वप्रथम तारेचा ताणनट पूर्ण सैल केला जातो, म्हणजे आतल्या दोन्ही तरफा मूळ जागी जातात. त्यानंतर चाक आणि ड्रम काढला जातो. अनेक ड्रमांत आट्या असलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट समप्रमाणात आवळत गेल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. काही गाड्यांत ड्रम व हब एकत्र असल्याने मधला मोठा नट काढावा लागतो आणि परत बसवताना पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच तो आवळावा लागतो. झिजेने ड्रमच्या तोंडाशी कड तयार झाली असेल तर शू तिच्यात अडकतात. तेव्हा बॅकप्लेटवरील रबरी बूच काढून पेचकसाने ॲडजस्टर मागे घ्यावा. ड्रमच्या कडेवर हातोडा मारू नये, कारण बीड लवत नाही, तडकते.

ड्रम उघडताच आतील धूळ तोंडाने फुंकण्याची किंवा हवेच्या नळीने उडवण्याची सवय घातक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी असाध्य आजार उद्भवतात. लायनर जुने की नवे हे धुळीवरून ओळखता येत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसावी किंवा साबणाच्या पाण्याने धुवावी. डिझेल वा रॉकेलने धुतल्यास तेलकट थर मागे राहतो आणि पेट्रोलने आगीचा धोका असतो.

शू उतरवताना एका वेळी एकच बाजू उघडण्याची कारागिरांची रीत अनुकरणीय आहे. स्प्रिंग कोणत्या भोकात होती याची शंका आली तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते. लायनरची जाडी सर्वांत पातळ जागी मोजावी. पुस्तिकेत आकडा नसेल तर धातूच्या वर १ ते १.५ मिलिमीटर उरले म्हणजे ते बदलण्याजोगे झाले असे धरतात. तेल प्यालेले लायनर भट्टीवर वा बत्तीने भाजून पुन्हा वापरण्याचा प्रकार फसवा आहे. ब्रेक तापले की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढली जाते.

व्हील सिलिंडरच्या टोकांवरील रबरी टोप्या किंचित उचलून पाहिल्यास आतील गळती दिसते. टोपीमागे केवळ ओलसरपणा असणे वेगळे आणि बोट लावताच ऑइलचा थेंब ओघळणे वेगळे. दुसऱ्या स्थितीत सिलिंडर किंवा त्याची रबर किट बदलावी लागते आणि नंतर सर्व वाहिनीतली हवा काढावी लागते. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ यांपैकी टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. इंजिन ऑइलचे थोडेसे मिश्रणही सर्व रबरी वाट्या फुगवून टाकते.

दातेरी चाकाचा ॲडजस्टर सोडवून, आट्या साफ करून, हाताने सहज फिरेल असा करावा. डाव्या व उजव्या बाजूच्या ॲडजस्टरच्या आट्या परस्परविरुद्ध असतात. त्यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी अंतर कमी होण्याऐवजी वाढते, आणि हा दोष शोधणे फार अवघड जाते. बॅकप्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तेथे उष्णतारोधक ग्रीसचा अगदी पातळ लेप द्यावा. ग्रीसचा डाग लायनरवर पडता कामा नये, त्यामुळे हे काम हात पुसून करावे.

ड्रमचा आतला व्यास वाढत जाऊन किती होऊ शकतो, हे ड्रमवरच कोरलेले असते. मूळ १८० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमाला साधारणतः १८२ मिलिमीटरची मर्यादा असते. लेथवर ड्रम साफ करून घेताना ही मर्यादा ओलांडली जाणार असेल तर तो ड्रम भंगारात द्यावा. पातळ ड्रम तापून लवकर पसरतो व तडकतो.

सर्व भाग परत बसवल्यावर शूंचे अंतर आधी लावले जाते. दातेरी चाकाच्या प्रकारात चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत ॲडजस्टर वाढवून, मग ते मोकळे फिरेपर्यंत काही दाते मागे घेतात. आपोआप सरकणाऱ्या प्रकारात दोन्ही ड्रम बसवून पायब्रेक दहा-पंधरा वेळा जोराने दाबला जातो. दोन्ही बाजूंचा ड्रम चढवण्यापूर्वी पेडल दाबू नये, कारण पिस्टन बाहेर पडतात. पेडल उंच आणि टणक झाल्यावरच तारेकडे वळावे.

आता ताणनट थोडा थोडा आवळत दांडा ओढून पाहिला जातो. पहिल्या एक-दोन कटांत चाक मोकळे किंवा किंचित घासत, आणि पुस्तिकेतील आकड्यापाशी दोन्ही चाके जखडलेली, अशी स्थिती साधावी. दांडा पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाके हाताने सहज फिरली पाहिजेत. ती फिरत नसतील तर तार जास्त ताणली गेली आहे. एक चाक आधी धरत असेल तर तोलपट्टी तिरपी आहे का ते पाहावे. ती सरळ असूनही फरक राहिला तर कमी धरणाऱ्या बाजूची तार आवरणात अडकत आहे. गंजलेल्या तारेत तेल सोडून ती काही दिवस चालते, पण आवरणाच्या आत गंज धरला असेल तर तार बदलणेच स्वस्त पडते. नवीन तार पहिल्या काही आठवड्यांत थोडी लांबते, म्हणून एकदा फेरतपासणी करावी लागते.

शेवटची परीक्षा उतारावर, चालक आसनावर बसलेला आणि पाय पायब्रेकजवळ असताना, गाडीचे तोंड एकदा चढाकडे व एकदा उताराकडे करून घेतली जाते. समोर माणूस, जनावर किंवा दुसरी गाडी नसेल अशीच जागा निवडावी.

गाडी उभी करताना

उतारावर हँडब्रेकला गिअरची जोड देणे इष्ट असते. गाडीचे तोंड चढाकडे असल्यास पहिला आणि उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकतात, पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवतात. भरलेल्या वाहनाच्या चाकाखाली दगड किंवा ठोकळा लावण्याची रीत बंडीच्या काळापासूनची आहे आणि आजही ती अनाठायी ठरत नाही. फक्त निघताना तो दगड रस्त्यावर टाकून जाऊ नये. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो अंधारात दिसत नाही.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात किंवा धुतल्यानंतर लगेच, तर सपाट जागी गिअर व ठोकळे यांवर ती ठेवून हँडब्रेक सोडून देणे योग्य असते. चिकटलेला ड्रम सोडवताना चाक काढून ड्रमच्या मध्यभागाजवळ लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यावेत. चाक सुटल्यावर आतील गंज पाहण्यासाठी ड्रम उघडणे आवश्यक आहे.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार मोटारसायकल, ट्रेलर, रोडरोलर असे काही अपवाद वगळता प्रत्येक मोटार वाहनास पार्किंग ब्रेक आणि पायब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम व्यवस्था असणे बंधनकारक आहे. म्हणजे पायब्रेक उत्तम आहे, हे हँडब्रेक नादुरुस्त ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी वाहन उभे करताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती तरी असली पाहिजे, अथवा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालकाच्या अनुपस्थितीत वाहन अपघाताने चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. चाकाखालचा ठोकळा हा या 'अन्य तजविजी'त मोडू शकतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी वाहनाची तपासणी होते. यवतमाळ जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२९ या क्रमांकाने होत असून ही तपासणी यवतमाळ येथील परिवहन कार्यालयामार्फत केली जाते. प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ती ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण होते.